‘आणि पार्टी’तल्या बायका

(घाटकोपर इथे झालेल्या बायकांच्या मेळाव्यातलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘गीत’ असं लिहिलंय, ‘भाषण’ नाही. ताईंनी फोनवर सांगितलं होतं, दोन गाणी म्हणा आणि मधे थोडं अनुभवाचं बोला. मी आज उलटं करणार आहे. आधी बोलते, गाणं मागून. गाणं झालं की लगेच चपलांची शोधाशोध सुरू होते, हे मला माहीत आहे. कुणाची पाणी यायची वेळ झालेली असते, कुणाला कल्याणची गाडी गाठायची असते. तेव्हा आज गाणं हवं असेल तर आधी माझं ऐकावं लागेल.

मी मुलुंडची. आमच्या या पट्ट्याला शाहिरांची काही कमी नव्हती. इथून हाकेच्या अंतरावर चिरागनगर आहे, तिथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले. विलास घोगरे आमच्या मुलुंडचे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी घोगऱ्यांनी स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल, तो तिथूनच सुरू होतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि एका गायन पार्टीत कोरसला उभी राहायला नुकतीच लागले होते. त्या पावसाळ्यात आम्ही वस्त्यावस्त्यांतून गायलो. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पैसे दिले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत.

अण्णाभाऊंची ती मैनेची छक्कड सगळ्यांना पाठ आहे. बाप्या मुंबईला येतो आणि त्याची मैना गावाकडं राहते. मी ती शेकडो वेळा कोरसमध्ये म्हटली असेल. म्हणताना कधीकधी हसू यायचं. कारण इथं उलटंच होतं. घरात बाप्या होता आणि मैना टेम्पोत बसून चांदवडला निघाली होती. असल्या मैनेवर कुणी छक्कड रचली नाही.

आमचं वर्ष सणांनी आणि जयंत्यांनी मोजायचं. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ तारखेला सावित्रीबाई, फेब्रुवारीत शिवजयंती, ८ मार्च तुमचा. मग १४ एप्रिल. पण जयंती म्हणजे एक दिवस नव्हे. प्रत्येक वस्ती आपापल्या सोयीनं करते, त्यामुळं पार बुद्ध पौर्णिमा उलटेपर्यंत गाडीची चाकं थांबत नाहीत. तेवढ्या दीड महिन्यात जे मिळेल त्यावर पावसाळा काढायचा. जून-जुलैत एक सुपारी नसते. मग कुणी इमिटेशनच्या माळा ओवतं, कुणी धुणीभांडी करतं, मी डबे करते. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आली की पुन्हा पेटीवरचं कापड निघतं. गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि शेवटी ६ डिसेंबरला दादर. हा सगळा फेरा. याला कुणी ‘दौरा’ म्हणतं, आजकालची मुलं ‘टूर’ म्हणतात. आम्ही ‘बाहेर जाणं’ म्हणतो.

बाहेर जाणं म्हणजे काय, ते सांगते. ढोलकी, पेटी, बेंजो, ऑक्टोपॅड, दोन गायक, कोरसच्या तीन बायका आणि साउंडवाला, असे सगळे एका गाडीत. पुढची सीट मुख्य गायकाची. मधली वादकांची. बायका मागं, वाद्यांच्या खोक्यांबरोबर. कसाऱ्याचा घाट चढताना ढोलक मांडीवर येतं. हे कुणी दुष्टपणानं करत नाही, पद्धतच तशी पडली आहे. आणि पद्धत मोडायची तर भांडावं लागतं, आणि भांडखोर बाईला पुढच्या सुपारीला फोन येत नाही.

दुपारी दोननंतर आम्ही बायका पाणी पीत नाही. का ते तुम्हाला सांगायला नको. मंडप मोकळ्या मैदानात, स्टेजमागं एक कनात, तिच्या मागं पुरुष उभे. ‘राइट टू पी’वाल्या मुली २०११ पासून मुंबईत ओरडून सांगतायत, पण ते लोण अजून स्टेजमागं पोचलेलं नाही. पाणी न पिता रात्री वरच्या पट्टीत तीन तास गायचं. माझा आवाज चाळिशीतच खरखरीत झाला. लोकांना वाटतं हा ‘अस्सल लोकगायिकेचा भारदस्त आवाज’. एका कार्यक्रमात निवेदकानं माझी तशी ओळखही करून दिली. अहो, भारदस्त कसला, कोरडा पडलेला गळा आहे तो! पाळीच्या दिवसांत काय होतं ते बोलत नाही. एवढंच सांगते, काळ्या परकराला आमच्यात ‘दौऱ्याचा परकर’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र बदलली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तमाशावाल्यांचं यानं फार नुकसान झालं, रात्र रात्र चालणारा वग गेला, हे खरंच आहे. कव्वालीचे सामने पहाटेपर्यंत रंगायचे, तेही गेले. आमचे वादक अजून हळहळतात. पण कोरसच्या आम्ही तिघी त्या नियमाचे आभार मानतो. दहाला माइक बंद झाला की शेवटची लोकल मिळू शकते. बाईला रात्री घरी सुखरूप पोचता यावं म्हणून तो नियम कुणी केला नव्हता. लोकांची झोपमोड होते म्हणून केला. पण आम्हाला घरी पोचवलं ते त्यानंच.

रात्री काम करणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडं बोलणं होतं ते फक्त नीतीचं. २००५ ला डान्स बार बंद केले तेव्हा आठवा. आपल्याच संघटनांमध्ये दोन तट पडले होते. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ती बंदी उडवली, पुढं नवे कायदे आले. मी त्या वादात कुठल्या बाजूची होते ते आज सांगत बसत नाही. पण तेव्हाही मला एकच वाटायचं, की या सगळ्या चर्चेत ‘ती बाई पहाटे तीनला घरी कशी जाते’ हा प्रश्न कुणीतरी विचारावा.

आता नोटांचं सांगते. गाणं रंगलं की माणसं स्टेजवर येऊन नोट देतात. बाप्या गायकाच्या खिशाला लावतात, हार्मोनियमवर ठेवतात, कौतुकच असतं ते. बाई गात असली की नोट हातातच द्यायची असते. एक हातात देतो, दुसरा हात सोडत नाही, तिसरा नोट मागं-पुढं करतो आणि खालचे शिट्ट्या मारतात. आणि गाणं कुठलं चाललेलं असतं? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं त्यावरचं! मी स्वतःची पार्टी काढली तेव्हा पहिला नियम केला. स्टेजच्या कडेला एक स्टीलचं ताट ठेवायचं, नोट त्यात टाकायची, वर चढायचं नाही. ढोलकीवाला म्हणाला, ताई, उत्पन्न अर्ध्यावर येईल. पहिल्या वर्षी आलंही. एका गावात मंडळाच्या पदाधिकाऱ्यानं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि वर आला. मी गाणं थांबवलं. माइक चालू होता. म्हटलं, “दादा, ताट खाली ठेवा, मग पुढचं कडवं म्हणते.” पाच मिनिटं कुणी बोलेना. मग पुढं बसलेल्या बायकांमधून एक म्हातारी उठली, ताट होतं तिथं आणून ठेवलं आणि त्यात दहाची नोट टाकली. तिच्यामागं रांग लागली. त्या रात्री ताटात आजवरचे सगळ्यात जास्त पैसे जमले, पण सगळ्या नोटा दहा-वीसच्या. मोजायला ढोलकीवाल्याला अर्धा तास लागला.

त्या मंडळानं पुन्हा बोलावलं नाही. ते जाऊ दे. पण तेव्हा मला माहीत नव्हतं, ते आज माहीत आहे आणि तुम्हीही लिहून घ्या. २०१३ च्या कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त कचेरी नाही. कामाच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती जागा आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा त्यात येते. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असते, तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं, तीन महिन्यांच्या आत. गायन पार्टीतली बाई नेमकी त्यातच बसते. पण आमच्या ओळखीतली एकही जण त्या समितीपर्यंत गेलेली नाही. तक्रार करायची कुणाची? पार्टीचा मालक म्हणजे बहुतेकदा मामा नाहीतर चुलत दीर असतो.

घरच्यांचं ऐकायचंय? माझी आई म्हणायची, “गा, पण आपल्या वस्तीत नको.” का, तर गाणारी बाई म्हटली की लोकांना तमाशा आठवतो. या भीतीला मोठा इतिहास आहे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न महाडच्या लढ्याला देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, आमच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणाले, असं सांगतात. त्यात आमच्या अब्रूची काळजी होती, ती मला समजते. पण ती गोष्ट सांगताना पवळाबाईला काय वाटलं असेल, हे कुणी सांगत नाही. उत्पन्न तर तिच्याही पायांचं होतं.

विठाबाई नारायणगावकर तर सगळ्यांना ठाऊक आहेत. कार्यक्रम चालू असताना कनातीमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. मीही सांगायचे. आता सांगताना अडखळते. त्या बाईची सुट्टी कुठं होती? त्यांना १९५७ मध्ये आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि २००२ ला त्या गेल्या. मग २००६ पासून त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. त्यानंतर सात वर्षांनी आपली शीतल साठे, पोटात मूल असताना विधान भवनासमोर स्वतः होऊन हजर झाली आणि तुरुंगात गेली. तिला जून २०१३ मध्ये हायकोर्टानं जामीन दिला. दोघींचे काळ वेगळे, गाणी वेगळी. गाणाऱ्या बाईचं पोट मात्र दोन्ही वेळा दुसऱ्यांना दिसलं ते गोष्ट सांगण्यापुरतं.

माझा मुलगा सासूनं वाढवला. त्याबद्दल तिचे उपकार आहेत आणि टोमणेही आहेत, दोन्ही सारखेच जड.

आता दुसऱ्या जातीचे उत्सव. गेली काही वर्षं आम्हाला शहरातल्या मोठ्या फेस्टिव्हलांचीही बोलावणी येतात. तिथं सगळं छान असतं. पाणी बाटलीत, संडास स्वच्छ, मुली प्रेमानं बोलतात. वीस मिनिटं देतात. एकदा मला सांगितलं, नऊवारी नेसून या, नथ घाला, आणि गाणी जरा ‘मातीतली’ घ्या, भाषणाची नकोत. मी म्हटलं, माझी माती मुलुंडची आहे, तिच्यात डांबर पुष्कळ आहे. त्या मुलीला कळलं नाही. मी पांढरी साडी नेसून गेले आणि रमाबाई नगरावरचंच गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. मानधनासाठी मात्र बिल द्या, पॅन कार्ड द्या, रद्द केलेला चेक द्या, आणि पैसे आले साडेतीन महिन्यांनी, टीडीएस कापून. वस्तीतला पोरगा घामेजलेल्या हातानं पाकीट देतो, त्यात ठरल्यापेक्षा पाचशे कमी असतात, पण त्या रात्री देतो. कुठलं बरं? खरं सांगू, कागदाच्या बाबतीत फेस्टिव्हलवाले बरे. ते का, ते पुढं येईल.

आणि तुम्ही. रागावू नका, पण घरच्याच माणसांना बोलायचं नाही तर कुणाला. ८ मार्चला मला चार ठिकाणांहून फोन येतात. “ताई, आपलीच चळवळ आहे.” आपली आहेच. ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली सुरू झालं, तेव्हा स्त्री मुक्ती संघटनेच्या बायका नोकरी-संसार सांभाळून गावोगाव प्रयोग करत फिरल्या, त्यातूनच आपल्याला गाणं चळवळीत कसं वापरायचं ते कळलं. पण मांडववाल्याला पैसे मिळतात, चहावाल्याला मिळतात, फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स मिळतो. माझ्या कोरसच्या पोरीला मात्र शाल आणि रोप. तिनं त्या दिवशी दोन घरचं काम बुडवलेलं असतं. रोप ती ठेवणार कुठं? दहा बाय दहाच्या खोलीत?

मी फुकट गात नाही असं नाही. १९९७ चं सांगितलंच. पण फुकट गायचं की नाही ते मी ठरवणार. तुम्ही आधीच धरून चालायचं नाही.

आता ज्यासाठी आज बोलायला उभी राहिले, ते सांगते. आमच्यात एक मावशी आहे. मी कोरसला लागले तेव्हा ती माझ्या शेजारी उभी असायची. तिनंच मला श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलं, आणि रात्रीच्या गाडीत कुठं बसायचं नाही तेही. तीस वर्षं गायली. तिचा आवाज किती कॅसेटांवर असेल याची मोजदाद नाही. एका दिवसाचे ठरावीक पैसे घ्यायचे, कोऱ्या कागदावर सही करायची आणि निघायचं. २०१२ मध्ये कायदा बदलला, आपल्या आवाजाच्या व्यापारी वापरावर गायकालाही वाटा मागता येतो, पण मागायचा कशाच्या जोरावर? कॅसेटच्या वेष्टनावर तिचं नाव नाही. आता तीच गाणी मोबाइलवर वाजतात. तिचा नातू तिला ऐकवतो, “आजी, ही तू ना?” ती म्हणते, “हो, मागची.”

कोरोनात २०२० आणि २०२१ च्या दोन्ही जयंत्या गेल्या. तेव्हा ती गुडघ्यांनी बसली ती बसलीच. सरकारची वयस्क कलावंतांना मानधनाची योजना आहे, फार जुनी. २०२४ पासून ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते आणि महिना पाच हजार मिळतात. पाच हजारांत मावशीचं औषध आणि वरचा खर्च निघेल. आम्ही अर्ज भरला. कचेरीतल्या माणसानं आमच्याशी नीटच बोलून सांगितलं, कलेच्या क्षेत्रात इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे जोडा. पत्रकं, कात्रणं, प्रमाणपत्रं.

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. पत्रकं होती की! लाल, निळी, पिवळी, कसर लागलेली. सगळ्यांवर मोठ्या अक्षरात बुवांचं नाव आणि खाली ‘आणि पार्टी’. पन्नास-साठ पत्रकं आम्ही जमिनीवर पसरली. ‘आणि पार्टी’. ‘आणि पार्टी’. ‘आणि संच’. एका ठिकाणी ‘आणि महिला कोरस’. मावशी प्रत्येक पत्रक हातात घेऊन सांगत होती, हे शहापूरचं, इथं जनरेटर बंद पडला होता; हे मनमाडचं, इथं मला ताप होता; हे भांडुपचं, इथं बुवांचा गळा बसला म्हणून सहा गाणी मीच म्हटली. तिला सगळं आठवत होतं. मी ऐकत होते आणि शोधत होते. शेवटी एक सापडलं. विक्रोळीच्या एका मंडळाचं. छापणाऱ्याकडं खाली जागा उरली असावी, म्हणून त्यानं सगळ्यांची नावं टाकली होती. ढोलकी अमुक, बेंजो तमुक, सहगायिका म्हणून मावशीचं नाव, आडनावासकट. तीस वर्षांत एक.

तो कागद अर्जाला जोडलाय. एकानं भागत नाही, असं सांगतात.

माझ्या पार्टीत मी आता सुपारी घेतानाच नावांची यादी देते. पत्रकावर पाचही नावं हवीत, नाहीतर मी येत नाही. मंडळवाले म्हणतात, ताई, जागा नाही. मी म्हणते, नगरसेवकाचा फोटो बोटभर लहान करा. परवा एकानं खरंच केला. पत्रक आलं, त्यात माझंच नाव चुकीचं छापलेलं. पण कोरसच्या दोघींची नावं बरोबर होती. ते मी जपून ठेवलंय.

तर माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या संघटनांच्या कचेऱ्यांत जुनी कपाटं आहेत. मोर्चांची, मेळाव्यांची, ८ मार्चची पत्रकं तुम्ही ठेवता, ते मला ठाऊक आहे. फोटोही असतील, मागं तारीख लिहिलेले. घाटकोपर, मुलुंड, भांडुप, विक्रोळी, चेंबूर, इकडं अंधेरी-बोरिवलीलाही मावशी गायलेली आहे. नव्वदीच्या दशकातल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या फोटोत डावीकडून दुसरी, कपाळाला मोठं कुंकू नाही, हातात टाळ, अशी बाई दिसली तर काढून ठेवा. ज्या संस्थेत ती गायली तिच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून, सही-शिक्का मारून दिलात तर तेही चालतं. आणि शोधताना तिच्या शेजारच्या बायकाही दिसतील. त्यांचीही नावं कुणाला आठवत असतील तर फोटोच्या मागं लिहा, पेन्सिलीनं नको, पेनानं.

माझा नंबर बाहेर टेबलावरच्या ताईंकडं आहे.

चला, पेटी पुढं घ्या. काळी दोन.